बावडा : ‘आज्ञापत्रा’मागचे एक विरळ गाव

पावसाळ्यात कोल्हापूरच्या वृत्तपत्रांतून रोज एक लहानशी चौकट छापली जाते. जिल्ह्यातील बारा तालुक्यांची नावे आणि त्यांपुढे गेल्या चोवीस तासांतील पावसाचे आकडे. बहुतेक दिवशी त्यांतला सर्वांत मोठा आकडा गगनबावड्यापुढे असतो. राजारामपुरीत राहणारी माझ्यासारखी माणसेही तो आकडा काळजीने वाचतात; कारण तिकडे कोसळलेला पाऊस कुंभी नदीवाटे पंचगंगेत उतरतो आणि पंचगंगा पात्र सोडून आली की शहराची काय अवस्था होते, हे २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी सर्वांना दाखवून दिले आहे. पाऊस ओसरला की ती चौकट बंद होते, आणि तिच्याबरोबर त्या गावाचे नावही शहराच्या बोलण्यातून नाहीसे होते.

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात मी ‘आज्ञापत्र’ शिकवीत होतो. रामचंद्रपंत अमात्य बावडेकर हे नाव फळ्यावर लिहून मी त्यांच्या गद्यशैलीकडे वळलो. तास संपल्यावर साळवणच्या पलीकडल्या एका वाडीतून रोज रंकाळा स्थानकापर्यंत एस.टी.ने येणारा विद्यार्थी थांबला आणि म्हणाला, “सर, बावडेकर म्हणजे आमच्या बावड्याचे ना? मग या ग्रंथात आमचा बावडा कुठे आहे?” हा ग्रंथ राजनीतीविषयी आहे, एका गावाविषयी नाही, असे उत्तर मी दिले. उत्तर चुकीचे नव्हते. परंतु एका थोर ग्रंथकाराच्या नावाला चिकटलेले गाव आपण केवळ आडनावातील प्रत्ययासारखे उच्चारतो आणि पुढे जातो, ही गोष्ट त्यानंतर मनातून गेली नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आरंभ नावापासून करणे सोयीचे ठरेल. या परिसरात बावडे तीन आहेत. कोल्हापूर शहराला लागून असलेला, आता शहराचाच भाग झालेला कसबा बावडा. शहराच्या पश्चिमेस सुमारे पंचावन्न किलोमीटरांवर सह्याद्रीच्या माथ्यावर असलेला गगनबावडा. आणि त्याच्या पायथ्याशी, घाट उतरून कोकणात गेल्यावर लागणारा भुईबावडा. जुन्या कागदांत आणि जहागिरीच्या नावात नुसता ‘बावडा’ असा उल्लेख येतो तो प्रायः यांतील मधल्या, घाटमाथ्यावरच्या गावाचा. कसबा, गगन आणि भुई ही तीन विशेषणे एकत्र ठेवली की त्या प्रदेशाचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो : एक पेठेचे गाव, एक आभाळाला टेकलेले आणि एक जमिनीवरचे. गगन आणि भुई ही जोडी तर घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसाच्या नजरेतून आलेली आहे. खाली उभे राहून वर पाहणाऱ्यानेच वरच्या गावाला ‘गगन’ म्हणावे आणि वरून खाली पाहणाऱ्याने खालच्याला ‘भुई’ म्हणावे. गावाच्या नावातच वाट आहे, आणि ती वाट हेच या वस्तीच्या जन्माचे कारण आहे.

आज गगनबावड्याहून कोकणात उतरायला दोन घाट आहेत, करूळचा आणि भुईबावड्याचा. पहिला वैभववाडीकडे जातो, दुसरा खारेपाटणच्या दिशेने. खारेपाटण हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे ते तेथे सापडलेल्या शिलाहार रट्टराजाच्या शके ९३०, म्हणजे इ.स. १००८ च्या ताम्रपटामुळे. खाडीच्या आत असलेले ते एक जुने बंदर. अशा बंदरात उतरलेला माल देशावर न्यायचा तर सह्याद्री ओलांडणे भाग होते, आणि ओलांडण्याजोग्या खिंडी मोजक्याच होत्या. मीठ, नारळ, सुपारी वर यायची. धान्य, गूळ, तंबाखू खाली जायचे. लमाणांचे बैलतांडे या वाटा तुडवीत. जेथे खिंड तेथे जकात, जेथे जकात तेथे चौकी, आणि चौकीवर नजर ठेवायला गड, असा हा क्रम सह्याद्रीत सर्वत्र दिसतो. गगनगड हा अशाच खिंडीवरचा पहारेकरी. कोल्हापूरच्या शिलाहारांपैकी दुसऱ्या भोजाने बाराव्या शतकाच्या अखेरीस जे पंधरा किल्ले बांधले किंवा नांदते केले असे परंपरा सांगते, त्यांत बावड्याच्या गडाचेही नाव घेतले जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. देशावरील गाव शेतीच्या आधाराने उभे राहते : सुपीक जमीन, तिच्याभोवती कुणबी आणि कुणब्यांभोवती बलुतेदार. बावड्याची जमीन एवढी माणसे पोसण्याच्या ताकदीची कधीच नव्हती. भात, नाचणी, डोंगरउतारावरची कुमरी आणि जनावरे, एवढाच तिचा आधार. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी सुमारे एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बावड्यात तो पाच हजारांच्या पलीकडे जातो. चार महिने मातीच राहत नाही, उरलेले आठ महिने पाणी राहत नाही. असे असूनही येथे ठाणे टिकले ते वाट आणि गड यांच्या चाकरीवर. म्हणून सत्ता बदलली, वाट बदलली किंवा गडाचे मोल उतरले की या वस्तीचा पाया हलतो. बावड्याच्या इतिहासातील चढउतार समजून घ्यायचे तर ही मेख पकडून ठेवावी लागते.

आता अमात्यांकडे येऊ. रामचंद्र नीलकंठ हे शिवराज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली अमात्यपदावर होते. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराज जिंजीला गेले, तेव्हा महाराष्ट्रातील कारभाराचा भार ‘हुकूमतपन्हा’ या किताबासह रामचंद्रपंतांवर आला. (राजारामपुरीचे राजाराम ते हे नव्हेत. १९२२ ते १९४० या काळात कोल्हापुरात राज्य करणाऱ्या राजाराम महाराजांच्या नावाने आमची ही क्रमांकांच्या गल्ल्यांची वसाहत वसली. वर्गात हा गोंधळ दरवर्षी होतो.) औरंगजेबाची फौज महाराष्ट्रात आणि राजा शेकडो कोस दूर, अशा स्थितीत हे राज्य तगवणाऱ्यांत रामचंद्रपंतांचे नाव अग्रभागी घेतले जाते. पुढे ते ताराबाईंच्या बाजूस राहिले. १७१४ साली कोल्हापुरात सत्तांतर होऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले, आणि त्यांच्याच नावाने शके १६३७ मध्ये, म्हणजे इ.स. १७१५ साली ‘आज्ञापत्र’ सिद्ध झाले. ताराबाईंच्या काळातील कोल्हापूरचा कारभार जाणून घ्यायचा तर डॉ. आप्पासाहेब पवारांनी संपादिलेले ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’चे खंड आपल्यापुढे आहेतच.

बावडा ही या अमात्य घराण्याची जहागीर. विशाळगडचे प्रतिनिधी आणि बावड्याचे अमात्य हे कोल्हापूर राज्यातील अग्रगण्य जहागीरदार. रामचंद्रपंतांची समाधी पन्हाळ्यावर आहे, परंतु त्यांच्या वंशाचे नाव बावड्यावरून पडले. ‘आज्ञापत्र’ आणि बावडा यांचा संबंध येथून सुरू होतो, आणि येथेच एक अवघड गाठही आहे.

‘आज्ञापत्र’ वाचलेल्यांना ठाऊक असेल की, वतनदारांविषयी या ग्रंथाची दृष्टी किती सावध आहे. देशमुख, देशपांडे, पाटील हे नावाचेच चाकर. वस्तुतः ते राज्याचे लहान लहान वाटेकरी असतात, त्यांना मोडूही नये आणि मोकळेही सोडू नये, असा त्यातला सारांश. सेवेच्या मोबदल्यात वंशपरंपरागत जमिनी देऊ नयेत, कारण दिलेली जमीन राज्यातून गेलीच, हा मुद्दाही तेथे ठासून मांडलेला आहे. जिंजीच्या काळात रोख द्यायला पैसा नव्हता, तेव्हा सरदारांना वतनांच्या आणि सरंजामांच्या आश्वासनांवर राखावे लागले. मोगलही तेच आमिष दाखवीत होते. त्या देवघेवीची किंमत रामचंद्रपंतांनी स्वतः पाहिली होती. त्यांचा इशारा पुस्तकी नाही, तो अनुभवातून आला आहे. आणि तरीही त्यांच्याच घराण्याची बावड्याची जहागीर पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालली. ज्या ग्रंथाने वंशपरंपरागत जमिनीचा धोका मराठीत सर्वांत स्पष्टपणे सांगितला, त्या ग्रंथकाराचे गाव हेच त्या धोक्याचे एक दीर्घायुषी उदाहरण ठरले.

याचा अर्थ ग्रंथकार ढोंगी होता असा काढणे सोपे आहे, पण ते इतिहासाला धरून होणार नाही. लिहिणारा माणूस आपल्या काळाच्या चौकटीत राहूनच तिच्या पलीकडचे पाहत असतो. रामचंद्रपंतांना दिसत होते ते राज्य आणि राज्याचा ऱ्हास. बावड्यातील कुळाला जहागिरीखाली काय सोसावे लागेल, हा त्यांचा प्रश्न नव्हता. वतनदार राजाला जड होतो, ही बाजू ग्रंथात विस्ताराने आली आहे. तो रयतेला किती जड होतो, ही बाजू त्या मानाने ओझरती येते. साहित्याचा अभ्यासक या दोन बाजूंमधील अंतर वाचू शकतो, आणि आपल्या विद्यार्थ्याचे गाव त्या अंतरात सापडते असे मला वाटते.

गड आणि अरण्य यांविषयीची प्रकरणे या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहेत. गडावर पाणी आधी पाहावे, मग बांधकाम काढावे. गडाभोवतीची झाडी राखावी, तिच्यातली काठीही तोडू देऊ नये. केरकचरा उतारावर न लोटता जागच्या जागी जाळावा आणि त्या राखेवर परसात भाज्या कराव्यात. आरमारासाठी लाकूड हवे म्हणून रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, कारण ती झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झालेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. (हा शेवटचा भाग आजकाल शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून सर्रास फिरवला जातो. त्यामागचे धोरण शिवकाळाचे मानता येईल, पण हा मजकूर ‘आज्ञापत्रा’तील आहे, हे निदान मराठीच्या वर्गात तरी स्पष्ट सांगितले पाहिजे.)

हे सर्व नियम आज्ञार्थी आहेत. आज्ञा वाचताना आपले लक्ष आज्ञा देणाऱ्याकडे जाते, ती पाळणाऱ्याकडे जात नाही. पण केर जाळायचा तर तो कोणी तरी झाडला पाहिजे. टाक्यांतला गाळ कोणी तरी काढला पाहिजे. झाडी राखायची तर भर पावसात त्या उतारावर कोणी तरी उभे राहिले पाहिजे, आणि राखायची ती पुष्कळदा स्वतःच्याच भाऊबंदांपासून, ज्यांना सरपण हवे आहे, नाचणीसाठी उतार भाजायचा आहे. आज्ञेच्या प्रत्येक वाक्याच्या मागे एक न लिहिलेला कर्ता आहे. बावड्यासारख्या गडाखालच्या वस्त्यांतले लोक हेच ते कर्ते. ग्रंथात बावडा शोधायचा तो या अध्याहृत कर्त्याच्या जागी.

हे कर्ते इतिहासाच्या पृष्ठभागावर एकदा मोठ्याने आले, ते १८४४ साली. कोल्हापूर राज्यातील किल्ल्यांवर वंशपरंपरेने चाकरी करणारे गडकरी पगाराऐवजी जमिनी कसून राहत. इंग्रजांच्या देखरेखीखाली दाजी कृष्ण पंडित यांच्या हाती कारभार आला आणि काटकसरीच्या नव्या व्यवस्थेत या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात घेण्याचे ठरले. सामानगड आणि भुदरगड येथून उठाव पेटला, तो पन्हाळ्यापर्यंत पोहोचला. कर्नल ओव्हन्स हा इंग्रज अधिकारी गडकऱ्यांच्या कैदेत पडला. १८४४ च्या डिसेंबराच्या आरंभी पन्हाळा पडला आणि उठाव मोडला. त्यानंतर किल्ल्यांची तटबंदी पाडण्याचा सपाटा सुरू झाला, त्यातून बावड्याचा गडही सुटला नाही. आपण हा प्रसंग स्वातंत्र्यलढ्याच्या पूर्वरंगात एका ओळीत बसवतो. गडाखालच्या वस्तीच्या बाजूने पाहिले तर ती उपजीविका संपल्याची घटना आहे. तट पडला तेव्हा दगड पडले एवढेच झाले नाही. पाणी राखणे, झाडी राखणे, वाट राखणे या ज्या चाकऱ्यांवर ही माणसे येथे टिकून होती, त्या चाकऱ्याच निरर्थक ठरल्या.

जहागीर मात्र राहिली. १८६२ च्या करारात बावड्याचे पंत अमात्य हे कोल्हापूरच्या बड्या जहागीरदारांत गणले गेले. १८८६ साली निघालेल्या कोल्हापूरच्या गॅझेटिअरात जहागीर आणि गड यांचे वर्णन आहे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि विलीन प्रदेशांतील जहागिरी रद्द करणारा कायदा १९५३ मध्ये आला. ‘आज्ञापत्रा’तील इशारा प्रत्यक्षात यायला दोनशे अडतीस वर्षे लागली, असे म्हटले तर ते फार वावगे होणार नाही. अमात्यांचा वाडा गगनबावड्यात आजही आहे. गडावर लोक जातात ते मुख्यतः गगनगिरी महाराजांच्या मठासाठी.

येथे आणखी एका ग्रंथाची आठवण होते. ‘आज्ञापत्रा’नंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाला. मराठीतील ग्रामविचाराला त्याने पायाभूत शब्द दिले : काळी आणि पांढरी, कारू आणि नारू, घरचे आणि उपरे. परंतु हा गाडा देशावरच्या सलग वस्तीच्या गावाचा आहे. बावड्याच्या परिसरात गाव म्हणजे एका डोंगराच्या अंगाखांद्यावर विखुरलेल्या वाड्या. एक वाडी ओढ्याच्या अलीकडे, दुसरी पलीकडे, धनगरवाडा त्याहून वर रानात. पावसात ओढा भरला की एकाच गावाची दोन गावे होतात. पांढरी एका ठिकाणी नाही, वेस बांधावी अशी जागा नाही, बाराही बलुतेदारांना पोसण्याइतके खळे नाही. आपली ग्रामीण कादंबरी आणि ग्रामीण साहित्याची समीक्षा या दोहोंनी ‘गाव’ म्हणून जे चित्र गृहीत धरले ते पार, चावडी आणि वेस यांचे आहे. विरळ वस्तीचा घाटमाथा त्या चित्रात मावत नाही, म्हणून तो एक तर निसर्गवर्णनात जातो, नाही तर पावसाच्या आकड्यांत.

विरळपणा हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या अडतीस लाखांच्या पुढे होती आणि शहरासह करवीर तालुक्याची दहा लाखांच्या वर. गगनबावडा तालुक्याची सुमारे छत्तीस हजार, म्हणजे जिल्ह्याच्या एक टक्क्याहूनही कमी. लोकशाहीत आकड्यांना अर्थ असतो. छत्तीस हजारांच्या मागणीचा आवाज किती दूर पोहोचणार? १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि भुईबावडा त्या जिल्ह्यात गेला. गगन आणि भुई यांच्यामध्ये आज जिल्ह्याची आणि महसुली विभागाचीही सीमा आहे. सोयरीक, बाजार आणि दैवते मात्र या सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. कोल्हापूर–वैभववाडी या सुमारे १०७ किलोमीटरांच्या रेल्वेमार्गाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, पण तो मार्ग अजून कागदावरच आहे. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की बातमी येते ती वाहतूक बंद पडल्याची. त्या वाटेच्या कडेला राहणाऱ्यांचे त्या दिवशी काय झाले, हे बातमीत क्वचितच असते. शिलाहारांच्या काळापासून या गावाकडे पाहण्याची शहराची तऱ्हा बदललेली नाही : वाट चालू आहे ना, एवढेच आपण विचारतो.

मग अशा गावाचा इतिहास लिहायचा कसा? राजवाड्यांपासून चालत आलेली आपली परंपरा कागदाची आहे, आणि कागद वाड्यात सापडतो, वाडीत सापडत नाही. तो निरुपयोगी आहे असे मात्र नाही. जहागिरीच्या हिशेबांत, तंट्यांच्या निवाड्यांत वाडीतली माणसे ओझरती का होईना दिसतात. त्यांच्या जोडीला नावे आहेत, म्हणजे वाड्यांची, ओढ्यांची, शेतांच्या तुकड्यांची. जात्यावरच्या ओव्या आहेत, धनगरांची गाणी आहेत, देवस्थानांच्या मानपानाचे क्रम आहेत. कोणत्या घराचा मान आधी आणि कोणत्याचा नंतर, यात गडावरच्या जुन्या चाकऱ्यांची उतरंड टिकून राहिलेली असू शकते. हे काम इतिहास विभागाचे म्हणून सोडून देता येणार नाही, कारण ही सारी साधने भाषेची आहेत आणि ती वाचण्याचे शिक्षण आपल्याच वर्गात मिळते. दोन पिढ्यांनंतर शेतांच्या तुकड्यांची नावे सांगणारे कोणी उरणार नाही. सातबाऱ्यावर फक्त गट क्रमांक राहील. क्रमांकांच्या गल्लीत राहणाऱ्याला याची खंत कितपत वाटावी, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

त्या विद्यार्थ्याला मी पुढे लघुप्रबंधासाठी एक विषय सुचवला : आपल्या वाडीतील शेतांची, पाणवठ्यांची आणि वाटांची नावे गोळा करावीत आणि त्यांच्यासमोर ‘आज्ञापत्रा’तील गड व अरण्य यांची प्रकरणे ठेवून वाचावीत. त्याने आजीला आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून सव्वाशेच्या वर नावे आणली. त्यांतली काही कशावरून पडली ते कळते, काही कळत नाहीत. डोंगराच्या एका पट्टीला त्याची आजी ‘राखणी’ म्हणते. तिथे आज राखण्यासारखे काही नाही. उघडा उतार आहे, जनावरे चरतात. नाव मात्र अजून चालते आहे. गडाची झाडी राखणाऱ्यांची ती पट्टी असेल काय, की कुणा जहागीरदाराच्या गवताची? कागदाशिवाय याचा निर्णय देता येणार नाही, आणि तसा कागद मिळेलच असेही नाही. पण पुढच्या वर्षी ‘आज्ञापत्र’ शिकवताना मी फळ्यावर रामचंद्रपंतांच्या नावाखाली ते नावही लिहिले, आणि त्या दिवशीचा तास शैलीच्या मुद्द्यापर्यंत पोहोचलाच नाही.